जुनी स्टेशन वॅगन घेताना मागून बघायला सुरुवात करा

जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, ही आपल्याकडची रीत. स्टेशन वॅगन म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेली मोटार; तिच्यासाठी ती उलटी करावी लागते. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक वॅगन एखाद्या चालू मोटारीचाच मागचा भाग वाढवून केलेल्या होत्या: मारुती बलेनोची अल्टुरा, टाटा इंडिगोची मरीना, ओपेल कोर्साची स्विंग, फियाट सिएनाची वीकेंड. त्यामुळे मधल्या खांबापर्यंतचं जवळजवळ सगळं सामान मूळ मोटारीचं असतं आणि ते आजही कुठे ना कुठे मिळतं. त्यामागचं डिकीचं दार, बाजूच्या लांब काचा, टेललॅम्प, छतावरच्या दांड्या, आतली फळी, रबर हे मात्र फक्त वॅगनचं. खप तेव्हाही कमी होता, आज तर दुकानदार हा माल ठेवतच नाहीत.

मागची काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते; एकदा तयार झाल्यावर ती कापून किंवा घासून दुसऱ्या मापाची करता येत नाही. इंजिन बसलं तर खर्च होतो, पण रस्ता निघतो. मागची काच फुटली तर दाराला प्लास्टिक लावून गाडी सहा महिने उभी राहू शकते. म्हणून इंजिन थकलेलं पण मागचा भाग पूर्ण असलेली गाडी घ्यावी. उलट प्रकारची कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

कोणती घ्यायची

पहिलीच वेळ असेल तर मरीना घ्या. २००४ साली आलेली, पुण्यात बनलेली. डिझेल इंजिन १४०५ सीसीचं, इंडिकाच्या घराण्यातलं. त्याचं सामान तालुक्याच्या गावीही मिळतं आणि ते खोलता न येणारा मिस्त्री शोधून सापडणार नाही. गाडीला रुबाब फारसा नाही, पण हात बसवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

अल्टुरा चालवायला सगळ्यात गोड. १५९० सीसी, १६ व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला खांब. इंजिन दणकट आहे. अडचण मागच्या स्ट्रटची नि स्प्रिंगची. बलेनो सेदानचे स्प्रिंग बसले तरी उंची नि भार जुळतीलच असं नाही, म्हणून जुने काढल्यावर मोजल्याशिवाय फेकू नका.

टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद. तेच इंजिन सिएरा आणि सुमोतही असल्याने इंजिनाची चिंता नाही. काच, रबर आणि आतलं प्लास्टिक मात्र दुर्मीळ आहे. ज्याच्याकडे झाकलेली जागा आणि सबुरी दोन्ही आहे, त्याने ही घ्यावी.

कोर्सा स्विंगच्या कंपनीने, म्हणजे जनरल मोटर्सने, २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, त्यामुळे शरीराचे भाग जवळपास दुसऱ्या स्विंगमधूनच काढावे लागतात. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया कॉम्बी या वॅगनचं सामान मिळतं, पण एकेका भागाची किंमत ऐकून हौस फिटते. ॲम्बॅसॅडर इस्टेट ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांत बसू शकते. तो वेगळा मार्ग आहे, आणि तशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही.

गाडी कुठली, हेही बघा

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे वाढलेल्या गाडीचा पत्रा खालून खाल्लेला असतो. सोलापूर, लातूर, नागपूरकडच्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला, रबर कडक झालेलं, छताचा रंग उडालेला, पण पत्रा कोरडा असतो. दोन्ही समोर असतील तर डोळे मिटून दुसरी घ्या. रबर नि रंग पैशाने येतात. कुजलेल्या पत्र्याला पैसा तर लागतोच, शिवाय चांगला डेंटर लागतो, आणि तो पैशापेक्षा दुर्मीळ.

पुरात बुडालेली गाडीही ओळखता यायला हवी. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या आणि २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात गेलेल्या कित्येक गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळून राहणाऱ्या भागावर गाळाची आडवी रेघ असेल तर गोष्ट संपली. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे कंस गंजलेले दिसले तरी तोच अर्थ.

बघायला जाताना

सोबत घ्यायच्या वस्तू: टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, पातळ पेचकस, मल्टिमीटर, मोजपट्टी, खाली पसरायला जुनी चादर. क्रम असा ठेवा.

मागचं दार अर्धं उघडून सोडा. खाली पडत असेल तर दार उचलून धरणारे गॅस शॉकर गेलेत, ती किरकोळ बाब. पण बिजागरीपाशी दार हलवून बघा. तिथे खडखडाट किंवा छताच्या कडेला भेग असेल तर पत्रा थकला आहे. दाराची खालची कड आतून बोटाने चाचपा. पाणी निघायची भोकं मातीने बुजली की ही कड आतून सडते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत तकतकीत राहतो. चुंबक इथे फिरवा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुटी भरलेली आहे.

डिकीतला गालिचा काढायला लावा. मालक नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. स्टेपनीचा खड्डा, त्याच्या दोन्ही बाजूंचे कोपरे आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून बघा. पेचकसाचं टोक हलकेच दाबा, भोसकू नका. पत्रा वाजला तर ठीक, दबला तर तिथे वेल्डिंगचं काम आहे.

मग मागच्या सगळ्या वस्तूंची हजेरी घ्या: मागचा वायपर नि त्याची मोटर, पाण्याचा फवारा, काचेवरच्या गरम होणाऱ्या रेघा, दोन्ही टेललॅम्प, बाजूच्या काचांचे रबर, सामान झाकायचा पडदा किंवा फळी, मागची सीट दुमडायचे खटके. यातली प्रत्येक गैरहजर वस्तू म्हणजे पुढे शोधाशोधीचे महिने. किंमत पाडायची तर इथेच पाडा.

सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा. मागे डावी-उजवीत १५ मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसला आहे किंवा तुटला आहे. वॅगनचा आयुष्यभर टेम्पोसारखा वापर झालेला असतो, त्यामुळे हा दोष फार सापडतो.

इंजिन आता बघा, आणि थंड असतानाच. पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजा. अल्टुरात दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या वर हवं, आणि सिलिंडरांमध्ये एक किलोहून जास्त फरक नको. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये सकाळच्या गारव्यात सुरू व्हायला वेळ लागत असेल तर आधी हीटर प्लग, म्हणजे थंड सिलिंडर तापवणारे प्लग, एकेक करून तपासा. डिझेल पंप गेल्याचं निदान मिस्त्री फार लवकर करतात.

कागद

पैसे देण्याआधी परिवहन पोर्टलवर गाडीची स्थिती बघा: नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा, थकलेली चलनं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वर तिथली एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), मग इथे नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७ आणि महाराष्ट्राचा कर.

१५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी फॉर्म २५ ने पाच-पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. वर पर्यावरण कर. मुदत उलटून गेली असेल तर दंड वेगळा, आणि तो साठत जातो. म्हणजे फुकट मिळालेली गाडीही कागदावर महाग पडू शकते; हा हिशेब सौद्याआधी करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

दिल्ली परिसरातून स्वस्त जाहिराती येतात, कारण तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. भाव बघून हुरळू नका. नोंदणी रद्द झालेली गाडी म्हणजे फक्त सुटे भाग. एनओसी मिळत असली तरी तुमचं आरटीओ ती गाडी नोंदवून घेईल का, हे आधी खिडकीवर जाऊन विचारा.

चेसिस नंबर जागेवर स्वतः वाचा आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. अक्षर गंजाने खाल्लं असेल तर पासिंगच्या वेळी गाडी परत पाठवतात. ते काम विकणाऱ्याने त्याच्या आरटीओतून करून द्यावं, असं बोलून घ्या.

घरी आणताना

वर्षभर उभी असलेली गाडी चालवत आणण्याचा मोह होतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांपुढच्या टायरवर, नक्षी कितीही असो, हायवेला जाऊ नका. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं. कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर ते उकळलं की पेडल तळाला जातं. थोडक्यात, ट्रकवरून आणा.

ट्रक फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा हवा. पुढून उचलून ओढायचीच झाली तर अल्टुरा आणि मरीना ओढता येतात, कारण त्यांच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. इस्टेट तशी ओढू नका. मागची चाकं जमिनीवर फिरली की गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट तेल उडवत नाही, आणि बेअरिंग कोरडे जळतात. मागून उचला, नाहीतर गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवून आणा. सोडवण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) रंगाची खूण करा, म्हणजे तसाच परत बसेल आणि थरथर येणार नाही.

वॅगनची शेपटी लांब, त्यामुळे फळीवर चढताना मागचा बंपर आणि सायलेन्सर घासतात. ट्रकचा फाळका एक मीटर उंच आणि फळ्या तीन मीटरच्या असतील तर चढ जवळपास १९ अंशांचा होतो. साडेचार मीटरच्या फळ्यांनी तो १३ वर येतो. उतारावर ट्रक मागे लावून उंची कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पट्टे चाकांवरून टाका. दोर चेसिसला बांधून खाली ओढला तर सस्पेन्शन दबून राहतं, खड्ड्यात पट्टा ढिला पडतो आणि गाडी नाचायला लागते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी गुटके लावा. हँडब्रेक मात्र सोडून ठेवा. पावसात दोन दिवस ओढून राहिला तर मागचे ड्रम चिकटतात. टाकीत पाव भरच इंधन, बॅटरीचं निगेटिव्ह सुटं, मागचं दार आतून दोरीने बांधलेलं. पहिल्या तीसेक किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायला चालकाला सांगा. चढवण्याआधीचे फोटो आणि डागांची यादी असलेली पावती घ्या.

कामाचा क्रम

आधी थांबणं, मग थंड राहणं, मग चालणं, शेवटी दिसणं. रंगाने सुरुवात करणाऱ्यांच्या गाड्या अर्धवट अवस्थेत विकायला येतात, आणि त्या स्वस्तही नसतात.

ब्रेक: चारही बाजू उघडा. मागच्या ड्रममध्ये सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर जोडीने बदला. ब्रेक ऑइल सुमारे एक लिटर लागेल, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरू करून स्वच्छ येईपर्यंत काढा. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी गंजून अडकते आणि मग रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक होतात. ब्रेक शू बदलून हा दोष जात नाही. दांडी मोकळी करून पुस्तकातल्या मापाला लावावी लागते.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ राखणारा पट्टा, कधी बदलला हे मालकाच्या शब्दावर मानू नका. बेल्ट, टेन्शनर आणि पुढची तेलाची सीलं एकदमच बदला, कारण मजुरी एकदाच पडते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. पेट्रोल गाडीत इंधनाचे सगळे रबरी पाइप बदला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या काळचे पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते आधी मऊ होतात, मग भेगाळतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा आत पाणी धरते.

पाणी कुठून येतं

डिकीतली ओल हा वॅगनचा कायमचा आजार, आणि लोक दाराचं रबर बदलून थांबतात. रबराचा दोष निम्म्या वेळेलाही नसतो. आतलं सगळं अस्तर काढा, पत्रा कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने नळीने खालून वर पाणी सोडायचं: आधी बंपरमागची हवा निघायची जाळी, मग टेललॅम्प, मग बाजूची काच, मग दाराची कड, सगळ्यात शेवटी छताच्या दांड्यांचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

पाऊस नसतानाही छताचं कापड ओलं होत असेल तर मागच्या काचेच्या फवाऱ्याची नळी बघा. ती पुढच्या टाकीपासून छतातून मागे जाते. जोड सुटला की बटण दाबताच पाणी छतात सांडतं. टेललॅम्पचा कुजलेला फोम काढून ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी लावा. सिलिकॉन टाळा. पुढे कधी दिवा काढायचा झाला तर तो पत्र्याला धरून बसतो, आणि दिवा तुटला तर दुसरा नाही.

दाराचं रबर आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. चालत्या वॅगनच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर फटीतून आत ओढला जातो. काचा बंद असताना धुराचा वास आला तर तो दिवस चालवणं थांबवून आधी ते काम करा.

दाराचे शॉकर आणि तारा

गॅस शॉकर मूळ नंबरचे मिळाले नाहीत तरी अडत नाही. उघड्या नि मिटलेल्या स्थितीत टोकांच्या दोन्ही सांध्यांतल्या गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, दांड्याची हालचाल आणि टोकाचा प्रकार मोजा. नळीवर न्यूटनमध्ये ताकद छापलेली असते. ती पुसली असेल तर हिशेब करा. दार २० किलोचं, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर, आणि उघड्या स्थितीत शॉकरच्या रेषेचं बिजागरीपासून काटकोनातलं अंतर २० सेंटिमीटर धरा. २० गुणिले ९.८ गुणिले ०.५ म्हणजे ९८. त्याला दोन शॉकर गुणिले ०.२ म्हणजे ०.४ ने भागलं की प्रत्येकी २४५ न्यूटन. थंडीत गॅसचा दाब घटतो म्हणून १५ टक्के वाढवा: सुमारे २८०. उगाच ४०० चे बसवले तर दार बंद करताना बिजागरीच्या पत्र्यावर ताण येतो. काढताना दाराला लाकडाचा भक्कम टेकू द्या, दोन्ही एकदम बदला आणि जुने फोडू नका.

वायपर कधी चालतो कधी नाही, नंबरप्लेटचा दिवा दार हलवलं की लागतो, फ्यूज विनाकारण उडतो: तिन्हींचं मूळ छत आणि दार यांमधल्या रबरी नळीत. दर उघडमिटीला तारा तिथेच वाकतात आणि आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून त्या धडधाकट दिसतात, म्हणून हलकेच ओढून बघा. तुटलेली तार लांबते. नुसता तिथेच जोड देऊ नका. दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर मागे कापून मधला तुकडा बारीक धाग्यांच्या लवचिक तारेचा घाला: काचेच्या हीटरला २.५ चौरस मिमी, वायपरला १, दिव्यांना ०.५. जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, एकमेकांपासून तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे.

पत्रा

स्टेपनीच्या खड्ड्यातला गंज लांबी भरून झाकणारे पुष्कळ. दोन पावसाळ्यांत तो फुगून वर येतो. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. सुमारे ०.९ मिमीचा, म्हणजे २० गेजचा पत्रा घ्या आणि सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिमी तारेने जोडा. सलग रेघ ओढायची नाही. अडीच-तीन सेंटिमीटरवर एकेक ठिपका, गार होऊ द्यायचा, मग मधले. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. बॅटरी आणि इंजिनाचा संगणक आधी सोडवा, इंधनाची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवा. जोड घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सांधे बुजवणारा सीम सीलर, मग रंग. खालून कोटिंग मारताना पाणी निघायची भोकं बुजवू नका. बुजवलीत तर तेच कोटिंग पाणी आत धरून ठेवेल.

सामान कुठून

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत नव्यासाठी कश्मीरी गेट, जुन्यासाठी मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टै. यंत्रकामासाठी, म्हणजे सिलिंडर बोअर करणं, हेड घासून सपाट करणं किंवा न मिळणारा बुश (सांध्यातली नळी) खरादावर करून घेणं असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर. दुकानात वॅगनचं नाव घेऊ नका, मूळ मोटारीचं घ्या. “अल्टुराचा बुश” म्हटलं की नाही येतं, “बलेनोचा” म्हटलं की काउंटरवर येतो.

मागचा भाग धड असलेली, कागद नसलेली दुसरी गाडी भंगारात दिसली तर दार, काचा, दिवे आणि रबर लगेच काढून आणा, आज गरज नसली तरी. काच आडवी ठेवायची नाही. लाकडी पट्टीवर फडकं घालून भिंतीला टेकवून उभी ठेवा, कड फरशीला लागू देऊ नका. टफन्ड काच कडेला बसलेल्या लहानशा ठोक्यानेही पूर्ण फुटते.